अधिवेशनकालीन मतदार-संवाद

विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना आमदार सभागृहातील कामकाजाची माहिती आपल्या मतदारसंघातील लोकांना देतो, त्या प्रथेला अधिवेशनकालीन मतदार-संवाद म्हणता येईल. कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिले, कोणत्या विधेयकावर कोणती भूमिका घेतली, मतदारसंघातील कोणत्या कामाला अर्थसंकल्पात जागा मिळाली, हा या संवादाचा मुख्य मजकूर असतो. राज्यघटनेने किंवा सभागृहाच्या नियमांनी असा वृत्तांत देण्याचे बंधन आमदारावर घातलेले नाही. तरीही निवडून दिलेल्या माणसाने तिकडे जाऊन काय केले हे विचारण्याचा हक्क मतदार गृहीत धरतात, आणि तो रास्त आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील प्रथेविषयी आहे.

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तर विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी सुमारे ३ लाख ९० हजार माणसे येतात. वर्षात साधारणपणे तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते, तर हिवाळी अधिवेशन नागपूरला. १९५३ च्या नागपूर करारातून आलेली नागपूरची प्रथा १९६० पासून चालू आहे. कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मात्र मुंबईत झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून मुंबईचे विधान भवन रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. अधिवेशनात आपल्या भागाचा विषय निघाला की नाही, हे कळायला तिथल्या माणसाला वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती, आमदाराचा कार्यकर्ता आणि आता मोबाइल यांखेरीज मार्ग नसतो.

या प्रथेची मुळे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आहेत. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलात सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्यामुळे लोकांना सांगण्यासारखेही फारसे काही नसे. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मर्यादित मुभा दिली. मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९ च्या सुधारणांनंतर. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये या कौन्सिलावर निवडून आले. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा दुष्काळ-निवारणाच्या सरकारी संहितेत रयतेला कोणत्या सवलती लिहून दिल्या आहेत, सारामाफी किंवा तहकुबी केव्हा मागता येते, हे ‘केसरी’तून आणि पुण्याची सार्वजनिक सभा या संस्थेच्या कार्यकर्त्यांमार्फत गावोगाव समजावण्यात आले. कायद्याने दिलेले ज्याला मिळायचे आहे त्याच्यापर्यंत ते शब्दशः पोचवणे हा मतदार-संवादाचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी प्रकार होय.

सभागृहातला शब्द आणि गावातली वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर काम झाले होते. प्रत्यक्षात अस्पृश्यांपैकी कोणी तळ्याच्या पाण्याला हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. ते स्वतः त्याच वर्षी कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झालेले होते, आणि एप्रिलमध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती, म्हणजे खोतांमार्फत सारा वसूल करण्याची कोकणातील पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. त्या विधेयकाच्या पाठिंब्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. विधेयकातील कलमे खेड्यातल्या कुळांपर्यंत पोचली होती, म्हणूनच ते आले.

आजच्या संवादाचा कच्चा माल सभागृहाच्या आयुधांतून येतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, नियम २९३ खालील चर्चा, अशासकीय विधेयक ही नावे मतदारांच्या कानांवरून गेलेली असतात, पण त्यांचे वजन सारखे नसते आणि ते फरक करून सांगणारा आमदार विरळा. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लक्षवेधीवर मंत्री निवेदन करतात व खुलासे देतात, म्हणून आमदारांची सर्वाधिक धडपड लक्षवेधी ‘लागावी’ यासाठी असते. औचित्याच्या मुद्द्यावर मात्र तत्काळ उत्तर मिळत नाही. तो मांडला गेला एवढीच नोंद होते. मतदारसंघात पाठवलेल्या संदेशात या तिन्हींचे वर्णन बहुधा ‘सभागृहात आवाज उठवला’ या एकाच वाक्याने केलेले आढळते.

तारांकित प्रश्नाचा छापील कागद जवळून पाहिला, तर बरेच काही ध्यानात येते. प्रश्नाच्या डोक्यावर एकाच सदस्याचे नाव क्वचितच असते. पुष्कळदा पंधरा-वीस सदस्यांची नावे ओळीने छापलेली असतात, कारण एकाच विषयावरील सूचना एकत्र केल्या जातात. त्यामुळे एकाच दिवशी अनेक मतदारसंघांत ‘आमच्या आमदारांनी विचारलेला प्रश्न’ म्हणून तोच प्रश्न फिरतो, आणि यात कोणी खोटे बोलत असते असे नाही. त्याखाली ‘हे खरे आहे काय’ अशा पदरचनेचे क्रमांकित भाग येतात, आणि शेवटचा भाग ठरलेला असतो : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’ उत्तराच्या बाजूस ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे त्रोटक शब्द असतात. यातला ‘अंशतः खरे आहे’ हा शब्दप्रयोग मतदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, कारण खात्याने काहीतरी मान्य केल्याची ती लेखी कबुली असते, आणि पुढे तहसील कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत ती दाखवता येते. चांगला वृत्तांत लिहिणारा आमदार उत्तराचा हा कागदच लोकांच्या हाती देतो. भाषणाच्या चित्रफितीपेक्षा त्या कागदाने गावाचे काम अधिक होते.

भाषणांची नोंद प्रतिवेदक घेतात. त्यांच्या टिपणांवरून प्रथम निघणाऱ्या प्रतीवर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शिक्का असतो. ही केवळ दप्तरी औपचारिकता नाही. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बिहारमधील ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राच्या प्रकरणात स्पष्ट केले. आमदाराला सभागृहात बोलण्याचे जे संरक्षण घटनेच्या अनुच्छेद १९४ ने दिले आहे, ते त्याच्या बरोबर सभागृहाबाहेर येत नाही. पश्चिम बंगालमधील एका आमदाराने अध्यक्षांनी नाकारलेले आपले प्रश्न एका स्थानिक नियतकालिकात छापले, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संसदीय संरक्षण मिळणार नाही असा निर्णय दिला. वृत्तपत्रांनी कामकाजाचा सत्याला धरून, दुष्ट हेतूविना दिलेला वृत्तांत अनुच्छेद ३६१-अ ने सुरक्षित केला आहे. हा अनुच्छेद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आला. आपल्याच भाषणाचा हवा तेवढा तुकडा कापून मोबाइलवरून पाठवणाऱ्या आमदाराने हा भेद ओळखून असावे.

अर्थसंकल्पी अधिवेशनात संवादाला सर्वाधिक भरती येते, आणि त्याच काळात मतदारांचा सर्वाधिक गैरसमजही होतो. सार्वजनिक बांधकाम व ग्रामविकास विभागांच्या कामांना ज्या लेखाशीर्षांतून पैसा येतो, त्यांचे आकडे ग्रामीण महाराष्ट्रात सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सर्वांना पाठ असतात. ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे, तर ‘तीस-चोपन्न’ आणि ‘पन्नास-चोपन्न’ ही रस्ते व पुलांची. एखाद्या ओढ्यावरचा पूल अर्थसंकल्पात समाविष्ट झाला, की त्याच संध्याकाळी ‘पूल मंजूर’ असा फलक गावाच्या वेशीवर लागतो. प्रत्यक्षात त्या कामापुढे पहिल्या वर्षी नाममात्र, म्हणजे टोकन तरतूद असू शकते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश असा प्रवास बाकी असतो, आणि पुढच्या वर्षी पुरेशी तरतूद झाली नाही किंवा पुरवणी मागण्यांत पैसे आले नाहीत, तर पूल कागदावरच राहतो. पावसाळ्यात शाळेची मुले त्याच ओढ्यातून जात असतात आणि फलकावरचा रंग उडालेला असतो. या प्रथेचा खरा कस म्हणूनच क्रियापदांत आहे. ‘मागणी केली’, ‘आश्वासन मिळाले’, ‘तरतूद झाली’, ‘मान्यता मिळाली’, ‘आदेश निघाला’ या पाच निरनिराळ्या घटना आहेत. त्या सर्वांसाठी ‘मंजूर’ हा एकच शब्द वापरणारा वृत्तांत कितीही देखणा छापला, तरी मतदाराला अंधारात ठेवतो.

संवादाची साधने काळानुसार बदलत गेली. छापील कार्यअहवाल, पत्रके, जाहीर सभा आणि तालुक्याच्या ठिकाणची पत्रकार परिषद यांच्या जोडीला आता फेसबुकवरील थेट प्रक्षेपण, व्हॉट्सॲपवरील गावनिहाय गट आणि मिनिटभराच्या चित्रफिती आल्या आहेत. सभागृहातील कामकाजाचे थेट प्रक्षेपण उपलब्ध असल्याने आमदाराचे भाषण त्याच दिवशी गावात पोचते. संदेश बहुतेक वेळा आमदाराचे स्वीय सहायक तयार करतात. विधान भवनाच्या पायऱ्यांवरील घोषणा आणि वाहिन्यांना दिलेले बाइट यांनाही संवाद म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्यांतून मतदारसंघाविषयी फारसे काही कळत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. ते एसटीने प्रवास करत, आणि त्यामुळे भेटणाऱ्या माणसाला ते वाटेतही भेटत. प्रश्न आणि उत्तर एकाच बाकावर होण्याची सोय चित्रफितीत नाही, हे या संदर्भात नोंदवणे आवश्यक आहे.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा संवाद उलट्या दिशेने होतो, कारण तेथे मतदारच चालत येतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतमजूर, निरनिराळ्या समाजांच्या संघटना मोर्चे आणतात. मोर्चे विधान भवनापासून काही अंतरावर अडवले जातात, आणि मंत्र्यांनी किंवा आमदाराने बाहेर येऊन निवेदन स्वीकारणे व आत काय घडले ते सांगणे अपेक्षित असते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी दर्जाच्या मागणीसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. मृतांत स्त्रिया आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. आपल्या मागणीचे काय झाले हे सांगायला सरकारतर्फे कोणी येईल, याची ही माणसे दिवसभर वाट पाहत होती. नागपुरात त्यांचे स्मारक आहे.

गोव्याची विधानसभा ४० सदस्यांची आहे आणि मतदारसंघ लहान असल्याने तेथील आमदार विधानसभा भरते त्या पर्वरीहून त्याच दिवशी घरी परतू शकतो. त्यामुळे औपचारिक वृत्तांताची निकड तेथे कमी भासते. विधानसभेतील प्रश्नोत्तरे ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) या संक्षिप्त नावाने ओळखली जातात, आणि गावातले जागरूक नागरिकही त्यांतील आकड्यांचा दाखला देतात.

अधिवेशन संपल्यावर उरलेल्या गोष्टींची नोंद वृत्तांतांत क्वचितच आढळते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली गेली की नाहीत हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, आणि अमुक आश्वासन समितीपुढे आहे असे आमदाराने कळवले, तर त्याचा पाठपुरावा गावालाही करता येतो. विधेयकांच्या बाबतीत अनुच्छेद १९६ नुसार अधिवेशन संस्थगित झाल्याने प्रलंबित विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत नाही, परंतु विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात. आमदारांनी मांडलेल्या अशासकीय विधेयकांपैकी बहुतेकांचा शेवट असाच होतो, आणि ज्या मतदारांना विधेयक मांडल्याचे छायाचित्रासह कळवले होते, त्यांना ते व्यपगत झाल्याचे कळवल्याची उदाहरणे विरळ आहेत.