ब्रुकलिन डॉजर्स आणि त्यांच्या फॅन्सवरची पुस्तकं

ब्रुकलिन डॉजर्स ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली बेसबॉल टीम. 1957 चा सीझन संपला आणि मालक वॉल्टर ओमॅली यांनी ती लॉस एंजेलिसला नेली, ती अजून तिथेच खेळते. पण ब्रुकलिनच्या लोकांनी तिला मनातून कधी सोडलंच नाही आणि त्यातून जी पुस्तकं आली ती खेळापेक्षा त्या लोकांचीच जास्त आहेत, म्हणून बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी वाचता येतात.

टीमचं मैदान एबेट्स फील्ड, 1913 मध्ये सुरू झालं, जेमतेम 32 हजार माणसं मावायची आणि प्रेक्षक इतके जवळ बसायचे की खेळाडूंचं बोलणं ऐकू यायचं. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन यायची आणि मॅचभर वाजवायची. बरेच खेळाडू तिथेच आसपासच्या गल्ल्यांमध्ये राहायचे, त्यामुळे ही टीम म्हणजे शेजारचीच पोरं. लोक त्यांना प्रेमाने 'बम्स' म्हणायचे, म्हणजे साधारण आपलं 'उनाड कार्टी'. 1953 मध्ये गिल हॉजेसची बॅटच चालेना तेव्हा एका पाद्रीने चर्चमध्ये सांगितलं की आज प्रवचनाला फार उकडतंय, घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा.

आणि हरणं तर ठरलेलंच. 1941, 1947, 1949, 1952, 1953, पाचही वेळा वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटी होणाऱ्या अंतिम लढतीत, न्यूयॉर्कच्याच यांकीज टीमकडून हरले. दरवेळी फॅन्सचं एकच वाक्य, 'वेट टिल नेक्स्ट इयर', पुढच्या वर्षी बघा! शेवटी 4 ऑक्टोबर 1955 ला जॉनी पॉड्रेसच्या पिचिंगवर, म्हणजे बॉल टाकण्यावर, यांकीजविरुद्धची सातवी आणि निर्णायक मॅच 2-0 ने जिंकली. ब्रुकलिनमध्ये असताना मिळालेली ती एकमेव वर्ल्ड सीरीज.

'वेट टिल नेक्स्ट इयर' हेच नाव डोरिस कर्न्स गुडविन यांनी 1997 मधल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला दिलं. लहानपणी वडिलांनी त्यांना स्कोअर लिहायला शिकवलं, मग दुपारी रेडिओवर मॅच ऐकायची, वहीत एकेक खेळी टिपायची आणि संध्याकाळी वडील कामावरून आले की सगळी मॅच पहिल्यापासून सांगायची. त्या छोट्या मुलीला वाटायचं आपण सांगितलं नाही तर बाबांना कळणारच नाही काय झालं ते, आणि पेपरात स्कोअर छापून येतो हे वडिलांनी तिला सांगितलंच नाही. गोष्ट कशी सांगायची हे त्या तिथे शिकल्या, पुढे मोठ्या इतिहासकार झाल्या. टीम गेली आणि काही महिन्यांतच त्यांची आई वारली, तेव्हा त्या 15 वर्षांच्या होत्या. मला तरी ही दोन दुःखं त्या पुस्तकात वेगळी करता येत नाहीत.

रॉजर कान यांचं 'द बॉईज ऑफ समर' 1972 चं. ते स्वतः ब्रुकलिनचे आणि 1952-53 मध्ये हेरल्ड ट्रिब्यून पेपरसाठी टीमसोबत फिरलेले. पुस्तकाचा खरा जीव उत्तरार्धात आहे, तिथे ते वीसेक वर्षांनी एकेका खेळाडूला शोधत त्याच्या घरी जातात. 1947 मध्ये आधुनिक मेजर लीगमधला (अमेरिकेतलं सर्वांत वरच्या दर्जाचं बेसबॉल) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेला जॅकी रॉबिन्सन आता थकलाय, बिली कॉक्स बारमध्ये दारू ओततोय, कार्ल फुरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवतोय. रॉय कँपनेला जानेवारी 1958 च्या कार अपघातापासून व्हीलचेअरवर, लॉस एंजेलिससाठी तो एकही मॅच खेळू शकला नाही.

बऱ्याच पुस्तकांत ओमॅली हाच खलनायक, पण काही लेखक त्याला हव्या त्या जागी स्टेडियम होऊ न देणाऱ्या रॉबर्ट मोझेस या न्यूयॉर्कच्या बड्या सरकारी अधिकाऱ्यालाही दोष देतात, आणि ते बरोबरच वाटतं. एबेट्स फील्ड फेब्रुवारी 1960 मध्ये पाडलं, पाडायचा लोखंडी गोळासुद्धा बेसबॉलसारखा रंगवलेला होता, आता तिथे राहायच्या बिल्डिंगा आहेत. त्या दिवशी कँपनेला व्हीलचेअरवरून आला होता, ज्या होम प्लेटमागे (बॅट्समन उभा राहतो ती जागा) तो बॉल झेलायला इतकी वर्षं बसला तिथली माती त्याला एका कलशात भरून दिली.