फॉरवर्डच्या मेंदूतला काथ्या

रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारातल्या काही खेळाडूंच्या डोक्यावरचा मऊ टोप पाहून आपल्याला त्यांच्या मेंदूची काळजी वाटेनाशी होते. तो टोप कान आणि कातडी वाचवतो, पण मेंदूला इजा कशी होते हे समजून घ्यायचे तर सिडनीच्या कँटरबरी-बँकस्टाउन क्लबाचे स्टीव्ह फोक्स यांचे उदाहरण पाहावे. १९७८ ते १९९१ या काळात ते या क्लबाकडून फॉरवर्ड म्हणून खेळले, चार विजेतेपदांचे मानकरी ठरले आणि २००४ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी क्लबाला आणखी एक विजेतेपद मिळवून दिले. २०१८ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांशी निगडित असलेला मेंदूचा ऱ्हास, ज्या पहिल्या दोन ऑस्ट्रेलियन रग्बी लीग खेळाडूंमध्ये आढळला, त्यांपैकी ते एक होते.

या खेळात तेरापैकी सहा जण फॉरवर्ड असतात. चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत शिरायचे आणि बचाव करताना तसेच शिरणाऱ्यांना अडवायचे, हे त्यांचे काम. त्यातल्या बहुतेक धडकांत कोणी बेशुद्ध पडत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे फारसे लक्षही जात नाही.

खरवसाचा डबा सरळ पुढे ढकलला तर वडी जवळजवळ जशीच्या तशी राहते, पण डबा झटक्यात फिरवला की कडेचा भाग डब्याबरोबर जातो, मधला मागे राहतो आणि वडीला चिरा पडतात. सुमारे १.४ किलो वजनाच्या मेंदूचे असेच आहे: पाण्याप्रमाणे तो दाबाने फारसा आकसत नाही, मात्र पिळला की सहज विरूप होतो. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्येच जिलेटिनच्या नमुन्यांवरून हे दाखवले होते. या पिळात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांच्या जुड्या असतात आणि इमारतीच्या परांचीचे बांबू काथ्याने बांधावेत तशा त्या टाऊ नावाच्या प्रथिनाने बांधलेल्या असतात. कोमट गुळाचा पाक हळू ओढला तर तार निघते आणि झटका दिला तर तटकन तुटतो. तंतूही हळू ताण सोसतो, पण काही मिलिसेकंदांच्या ताणाने त्यातल्या नलिका मोडतात. शिवाय तंतूच्या आवरणातील मार्गांतून सोडियम आणि त्यापाठोपाठ कॅल्शियम आत शिरते, विकरे चाळवली जातात, टाऊवर फॉस्फेटचे गट चिकटतात, आणि तो काथ्या बांबूंपासून सुटून आपापसांत गुंतू लागतो.

टोप कवटीला फिरण्यापासून रोखत नाही, म्हणून त्याच्या जाहिरातींचा भर मेंदूवर असला तर त्या वाचूही नयेत. मेंदू तल्लख करणाऱ्या तेलांची गोष्ट तर टाळूच्या पलीकडे जातच नाही. मात्र सगळ्याच फॉरवर्डना सीटीई होणार, हा उलट टोकाचा गाजावाजाही चुकीचाच आहे: मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासणाऱ्या मेंदूपेढ्यांकडे मुख्यतः लक्षणे दिसलेल्या खेळाडूंचेच मेंदू येतात, त्यामुळे तिथल्या टक्केवारीवरून सगळ्याच फॉरवर्डचे भविष्य वर्तवता येत नाही.

जिवंत खेळाडूत सीटीईचे खात्रीशीर निदान अजून करता येत नाही. मृत्यूनंतर मेंदूच्या पातळ कापांना प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंग दिला, की मेंदूच्या पृष्ठभागावरील घड्यांच्या तळाशी, जिथे पीळ सर्वाधिक पडतो तिथे, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊचे तपकिरी ठिपके दिसतात.