दिव्याला पाणी दिसत नाही

मे महिना, पारा ४५ च्या पुढे, आणि वर्धा रोडवर डॅशबोर्डवरचा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, लाल दिवा लागला. गाडी पंधरा वर्षांची. कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कडुनिंबाखाली तासभर बसून राहिलो. कूलंटच्या टाकीचं झाकण गरमागरम उघडायचं नाही. आत साधारण १ बार जादा दाब असतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब उतरतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

गार झाल्यावर पाहिलं तर पातळी दोन खुणांच्या मधोमध. तापमानाचा काटाही जागेवर होता, पण एकट्या काट्यावर विसंबू नये. त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो. कूलंट गळून गेलं तर तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो.

"पाणी तं बराबर आहे भाऊ, मंग लाइट कायले लागून राहिला?" वाडीतल्या मिस्त्रीनं विचारलं.

त्या दिव्याला पाणी दिसतच नाही. माझ्या गाडीच्या टाकीत चुंबक बसवलेला फ्लोट तरंगतो आणि तळाशी रीड स्विच असतो: काचेच्या नळीत दोन बारीक पात्या. फ्लोट खाली आला की चुंबकामुळे पात्या चिकटतात आणि दिवा लागतो. मिस्त्रीनं सेन्सरचा प्लग काढला, दिवा विझला. म्हणजे वायर ठीक. (काही गाड्यांत हा हिशेब उलटा असतो.) मग टाकी सोडवली, रिकामी केली, मल्टिमीटर लावून उलटी धरली. बीप थांबेना, म्हणजे पात्या अजून चिकटलेल्याच. कानाशी हलवली, तरी आत काही वाजेना.

फ्लोट तळाशी चिकटला होता. दोष माझाच! दोन उन्हाळे मी बोअरचं जड पाणी ओतत होतो. त्यातले क्षार तापल्यावर विटकरी थर होऊन बसले.

काही गाड्यांत फ्लोटच नसतो, धातूच्या दोन पिना असतात आणि त्यांच्यामधून कूलंट वीज वाहून नेतं. तिथे गंमत वेगळीच: नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं तर ते वीज जवळपास वाहू देत नाही, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीवरही दिवा लागू शकतो.

मिस्त्रीनं टाकीत कोमट पाणी आणि लिंबूफूल घालून ती रात्रभर ठेवली. सकाळी उलटी केली. टक्.