नाशिकला काच कुठून आली?

सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. दख्खनच्या कातळातून निघालेले स्फटिक तिथे मांडलेले आहेत: हिरवट अपोफिलाइट, गुलाबी स्टिलबाइट, जांभळा अमेथिस्ट. त्याच वसाहतीत काचेच्या बाटल्या बनवणारी मोठी भट्टीही उभी राहिली. काच मुळात वितळलेली गारगोटीच. म्हणजे कच्चा माल आणि पक्का माल एकाच वसाहतीत बघायला मिळतात. पण या दोहोंच्या मधला जो धागा असायला हवा, काच वितळवून फुंकणाऱ्या कारागिरांचा, तो नाशिकच्या इतिहासात शोधावा तर हाती फारसं लागत नाही. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांनी या शहराचं नाव देशभर केलं. आगीशी खेळणारे हात इथे होतेच. मग काच का नाही?

पहिलं उत्तर पायाखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थंड झालेला बेसाल्ट म्हणजे आपला काळा पत्थर. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास असते, पण ती इतर खनिजांत अडकलेली, आणि जोडीला भरपूर लोह. गोदावरीची वाळू याच पत्थराची, म्हणून ती काळी. रंगहीन काचेच्या वाळूत लोह एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी चालतं; जरा वाढलं की काच हिरवी पडते, आणखी वाढलं की काळपट. बेसाल्टच्या पोकळ्यांत शुद्ध स्फटिक सापडतात खरे, पण संग्रहालय भरेल एवढे. रोज भट्टी खाईल एवढे नाहीत. महाराष्ट्रात काचेच्या कामाची पांढरी वाळू मिळते ती सिंधुदुर्गात, कासार्डे-फोंड्याच्या बाजूला.

नुसत्या वाळूनेही भागत नाही. शुद्ध सिलिका वितळायला १,७०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, आणि लाकडाच्या भट्टीला ते झेपत नाही. सोडा घातला की हे तापमान खूप खाली येतं, पण ती काच पाण्यात विरघळू लागते. म्हणून चुना घालायचा. वाळू साधारण सत्तर टक्के, सोडा पंधराच्या आसपास, चुना दहाच्या आसपास, हे प्रमाण आजच्या साध्या बाटलीतही फारसं बदललेलं नाही. यातला सोडा महाराष्ट्राकडे होता, आणि उत्तम होता. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी आटलं की काठावर सोड्याचे थर उघडे पडायचे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारची नोंद आहे, आणि तिथे काच व साबण बनवायला लागणारा माल निघतो असं स्पष्ट म्हटलं आहे. या नोंदीला आपण द्यायला हवं तेवढं महत्त्व देत नाही असं मला वाटतं. लोणार म्हटलं की उल्केचा खड्डा आठवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला मात्र तो काचेचा कच्चा माल म्हणून ठाऊक होता.

त्याच्याही मागे गेलो तर काच इथे बाहेरून आल्याचा धागा सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. दारू, तांबं, कथील, पोवळं आणि त्यांच्याबरोबर कच्ची काच, म्हणजे ढेकळं. ती इथे पुन्हा तापवून मणी-बांगड्या करायच्या. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचं लिहिलं आहे. नाशिक याच पट्ट्यात येतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांच्या चमूने उत्खनन केलं, त्यात काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे निघाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतही निघाले. मोरेश्वर दीक्षितांनी हे सगळं जमवून भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने छापला.

नाशिकच्या पांडवलेण्यांतले शिलालेख इथे एक विचित्र साक्ष देतात. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, व्याजाने ठेवल्याचं तिथे कोरलेलं आहे. आभीर काळातल्या एका लेखात भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवलेल्या रकमा येतात, त्यात तेल्यांची श्रेणी येते, जलयंत्रं करणाऱ्यांची येते. पैसे सांभाळण्याइतपत पत असलेल्या कारागिरांची ही नावं. काचकाम करणारे त्यांत नाहीत. एवढ्यावरून ते गावात नव्हतेच असं म्हणता येत नाही, पण कापूस आणि तेलबिया शेजारच्या शेतात पिकत होत्या आणि काच लांबून येत होती, हा फरक त्या दगडांवर दिसतो असं मी मानतो.

हे सगळं मणी आणि बांगड्यांचं झालं. फुंकून काच करणं ही फार वेगळी आणि तुलनेने उशिराची गोष्ट. काच माणसाला चार हजार वर्षांपासून माहीत होती, मेसोपोटेमिया आणि इजिप्तमध्ये तिची भांडीही होत. पण ती मातीच्या गाभ्यावर काच चढवून, मग गाभा खरवडून काढून. एक छोटी कुपी करायला दिवस जायचा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीत कुणीतरी नळीच्या टोकाला काच घेऊन फुंकर मारली. जेरुसलेमला त्या काळच्या कचऱ्यात काचेच्या फुगवलेल्या नळ्या सापडल्या आहेत, म्हणजे सुरुवातीला फुंकणीसुद्धा काचेचीच होती. लोखंडाची नळी आली आणि पुढच्या शे-दोनशे वर्षांत रोमन साम्राज्यात काचेचा पेला सामान्य घरांत गेला.

या कामाचा गाभा समजून घ्यायचा तर फुंकर कशी बसते ते बघावं लागतं. भट्टीतल्या मुशीत काच हजार-अकराशे अंशांवर काकवीसारखी दाट असते. कारागीर चार-पाच फुटांच्या लोखंडी नळीचं टोक तीत बुडवून फिरवतो, गोळा चढतो. तो लोखंडी पाटावर लोळवून गोल करायचा, म्हणजे बाहेरची कातडी किंचित थंड होऊन आकार धरते. मग नळीत थोडीशीच हवा सोडायची आणि लगेच अंगठ्याने तोंड बंद करायचं. पुढचं काम उष्णता करते: आत अडकलेली हवा तापून फुगते आणि गोळ्याच्या पोटात बुडबुडा उठतो. बघणाऱ्याला वाटतं छातीचा जोर लागतो, पण जोर लागतो तो मनगटाला. नळी एक क्षणही थांबली की काच एका बाजूला ओघळते. फिरवणं, फुंकणं, पुन्हा भट्टीच्या तोंडाशी नेऊन तापवणं, साच्यात धरणं, हे सगळं मिनिटभराच्या हिशोबाचं. आणि नंतर तासन्‌तास थंड करणं. पाचशे-साडेपाचशे अंशांपासून हळूहळू खाली आणलं नाही तर काचेत ताण राहतो आणि ती दुसऱ्या दिवशी कपाटात बसल्या बसल्या तडकते.

हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. म्हणूनच काचेचा सगळा इतिहास हा माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा इतिहास आहे. व्हेनिसने १२९१ मध्ये भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, त्यामागे आगीची भीती होती, पण कारागीर बेटावर राहिले की कसबही बेटावरच राहतं याचा फायदा व्हेनिसने शतकानुशतके घेतला. आपल्याकडे पेशवाईत आणि नंतर वाड्यांत, देवळांत ज्या बिलोरी हंड्या-झुंबरं लागली, ती विकत आली. त्यांच्याबरोबर फुंकणारा आला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंदिलाच्या काचा युरोपातून, बांगड्यासुद्धा तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या बोहेमियातून येत होत्या. नाशिकच्या कासाराच्या पेटाऱ्यात ऑस्ट्रियन माल असायचा आणि भरणारीला त्याची कल्पनाही नसायची.

महाराष्ट्रात फुंकणी आली ती स्वदेशीच्या चळवळीतून, आणि ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंडा'ची कल्पना मांडली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं. वंगभंगानंतरचे ते दिवस. नाशिकमध्ये तर अभिनव भारताची चळवळ ऐन भरात होती. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. जपानात आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे तंत्राची घडी बसवली. तळेगावचं वेगळेपण असं की तो कारखाना शाळाही होता. पोरांना फुंकणी हातात देऊन शिकवायचं आणि शिकलेल्याने दुसरीकडे जाऊन भट्टी लावायची, हेच उद्दिष्ट. तिथून तयार झालेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, बहजोईला काच करू लागले.

पहिल्या महायुद्धाने परदेशी माल अडवला आणि या कारखान्यांना श्वास मिळाला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानाच्या आश्रयाने ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. ज्या औंधने किर्लोस्करवाडी वसू दिली त्याच औंधने ओगलेवाडी वसवली. ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव दिलेला 'प्रभाकर' कंदील नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत, वीज येईतो जळत राहिला. संध्याकाळी राखेने काच पुसायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. थंडीच्या रात्री वात एकदम वर केली की काच तडकायची, कारण साधी सोडा-चुन्याची काच तापली की बरीच प्रसरण पावते. आतली बाजू फुगते, बाहेरची थंडच राहते. जर्मनीत ओटो शॉट यांनी १८८४ मध्ये येनाला काचेची प्रयोगशाळा काढली आणि पुढे बोरॉन घालून जी काच केली तिचं प्रसरण साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांश. प्रयोगशाळेतलं चंचुपात्र आगीवर टिकतं ते यामुळे.

यंत्राचा टप्पा पटकन सांगून होतो. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास बाटली आपोआप फुंकणारं यंत्र उभं केलं. १९२० च्या दशकात असं यंत्र आलं की भट्टीतून काचेचा थेंब ठराविक वजनाने कापला जातो, साच्यात पडतो, दाबलेल्या हवेने फुगतो. माळेगावसारख्या ठिकाणी बाटल्या होतात त्या याच तत्त्वाने. फुंकर आहे, तोंड नाही. नाशिकला १९९९ नंतर वाइनचा धंदा वाढला तशी बाटल्यांची गरजही वाढली, आणि गंमत बघा, वाइनची बाटली हिरवीच हवी असते, कारण रंगीत काच उजेड अडवते. जे लोह काचेचा दोष मानलं गेलं ते इथे थोडं चालून जातं. गडद हिरव्यासाठी क्रोमियमही घालतात.

हाताने काच घडवणारा माणूस मात्र आता मुख्यतः दोन ठिकाणी उरला आहे. एक, फिरोजाबादच्या भट्ट्यांवर. नाशिकच्या मेनरोडला किंवा भद्रकालीत आपण ज्या बांगड्या भरून घेतो त्या बहुतेक तिकडच्याच. तापल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळायची, कापून कडी करायची आणि दिव्याच्या ज्योतीवर एकेकीची टोकं जोडायची, हे काम आजही घराघरांत हातानेच होतं. दुसरं ठिकाण म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या काच कार्यशाळा. तिथला ग्लासब्लोअर बोरोसिलिकेटची, म्हणजे वर सांगितलेल्या बोरॉनच्या काचेची, तयार नळी ऑक्सिजनच्या ज्योतीत धरून, लेथवर किंवा हातावर फिरवत, संशोधकाने कागदावर काढून दिलेलं उपकरण बनवतो. तो निवृत्त झाला की अनेक ठिकाणी जागा भरली जात नाही, उपकरण बाहेरून मागवलं जातं. ही बचत नव्हे, हे मी ठामपणे म्हणेन. तयार नळ्या विकत मिळतात. पाहिजे त्या कोनात दोन नळ्या गळती न होता जोडून देणारा माणूस विकत मिळत नाही.

युनेस्कोने २०२३ मध्ये हाताने काच बनवण्याचं ज्ञान अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन या सहा देशांनी मिळून ते नामांकन केलं होतं. तळेगाव आणि ओगलेवाडीला शिकलेल्या माणसांची नातवंडं आज नाशिक, पुणे, सातारा सगळीकडे आहेत. कुणाच्या माळ्यावर जुना साचा असेल, कुणाच्या आजोबांनी वहीत मिश्रणाची वजनं लिहून ठेवली असतील. त्या वह्यांचे फोटो काढून ठेवा, आणि घरातलं कुणी भट्टीवर उभं राहिलेलं अजून असेल तर वाळू कुठून यायची, मूस किती दिवस टिकायची, पाळी किती तासांची असायची, हे त्यांच्याकडून याच दिवाळीत विचारून घ्या.