वातानुकूलन यंत्रणेची इमारत व्यवस्थापन जाळ्याशी जोडणी

मोठ्या इमारतीतील चिलर (पाणी गार करणारे यंत्र), एअर हँडलिंग युनिट (एएचयू, म्हणजे त्या पाण्याने हवा गार करून मजल्यावर खेळवणारे यंत्र), पंप, कूलिंग टॉवर आणि खोल्यांमधले थर्मोस्टॅट एकाच संदेशजाळ्यावर आणून त्यांचे मोजमाप, नियंत्रण व देखरेख एका ठिकाणाहून करण्याची पद्धत. या व्यवसायातले लोक तिला नुसते ‘बीएमएसवर (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे इमारत व्यवस्थापन यंत्रणेवर) घेणे’ म्हणतात. जोडणी म्हणजे केबल ओढणे, असा सर्वसाधारण समज असला तरी केबल हा त्यातला सोपा भाग होय. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ काय आणि एकाच यंत्राला दोघांनी आज्ञा दिली तर कोणाची चालावी, या दोन प्रश्नांची उत्तरे ठरल्याशिवाय जोडणी पुरी झाली असे म्हणता येत नाही.

इतिहास : खोलीतल्या तापमानाने दूरच्या यंत्राला हलवण्याची सुरुवात नेमकी कुठे झाली, याविषयी मतभेद आहेत. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द आणि द्विधातू पट्टीवर चालणारे साधन यांचे श्रेय स्कॉटिश रसायनज्ञ अँड्र्यू यूर यांना दिले जाते. काळ साधारण १८३० चा. इमारतींच्या नियंत्रणाचा आरंभ मात्र काही लेखक आल्बर्ट बुट्झ यांच्यापासून धरतात. अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे १८८५ च्या सुमारास त्यांनी भट्टीची हवाझडप आपोआप उघडमीट करणारे साधन बनवले. दुसरे मत वॉरेन जॉन्सन यांच्या बाजूचे आहे. ते विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे शिक्षक होते. वर्ग गार की गरम हे पाहायला शाळेचा कर्मचारी खोलीखोलीतून फिरे आणि मग खाली जाऊन भट्टीच्या झडपा बदले. १८८३ मध्ये पेटंट मिळालेल्या जॉन्सन यांच्या विद्युत साधनाने हा फेरा वाचवला : खोलीचे तापमान बदलले की त्याची वर्दी थेट भट्टीपाशी पोचे. बुट्झ यांचे साधन स्वतःच झडप हलवत होते, त्यामुळे स्वयंचलनाच्या दृष्टीने ते पुढचे ठरते. पण जाळ्याचा उगम शोधायचा असेल, तर खोलीचा निरोप यंत्राकडे नेणाऱ्या जॉन्सन यांच्या साधनाकडे अधिक झुकावे लागते.

पुढची कित्येक दशके हे निरोप दाबाखालच्या हवेने नेले. ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा तांब्याच्या बारीक नळ्यांतून खेळवून पाण्याच्या झडपा आणि डॅम्पर (हवेच्या वाटेतल्या झडपा) हलवले जात. १९७३ च्या तेलसंकटानंतर इमारतींच्या ऊर्जाखर्चाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले आणि १९८० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे डिजिटल कंट्रोलर रुळले. मात्र प्रत्येक उत्पादकाची संदेशभाषा निराळी असल्याने एकदा घेतलेल्या कंपनीशी इमारत कायमची बांधली जाई.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील ‘ॲशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये समिती नेमली. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल न्यूमन तिचे अध्यक्ष होते. आठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कामानंतर १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ हे सामाईक संदेशभाषेचे मानक प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये ते आयएसओ १६४८४-५ म्हणून आंतरराष्ट्रीय झाले. त्याच काळात एशेलॉन कंपनीचे ‘लॉनवर्क्स’ हे प्रतिस्पर्धी तंत्र उभे होते. या दोहोंतला वाद १९९० च्या दशकात बराच गाजला. लॉनवर्क्सच्या मुळाशी न्यूरॉन ही विशिष्ट चिप होती, तर बॅकनेट कोणत्याही चिपवर उभे करता येई. बॅकनेटचा प्रसार पुढे अधिक झाला, त्यामागे हे मोकळेपण प्रमुख असावे.

रचना : बॅकनेटमध्ये प्रत्येक मोजमाप वा आज्ञा ही एक ‘ऑब्जेक्ट’ असते. एएचयूतून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान हे ॲनालॉग इनपुट, पाण्याच्या झडपेला दिलेली टक्केवारी हे ॲनालॉग आउटपुट, पंखा चालू की बंद हे बायनरी. जाळ्यावर नवीन आलेले यंत्र ‘कोण आहे?’ अशी हाक मारते आणि इतर यंत्रे ‘मी आहे’ असे उत्तर देतात. आयपी जाळ्यावर हा व्यवहार ४७८०८ या पोर्टवरून चालतो. ही संख्या षोडशमान पद्धतीत लिहिली की बी-ए-सी-० अशी वाचता येते. समितीने ती मुद्दाम निवडली हे उघड आहे. अशी हाक राउटरच्या पलीकडे आपोआप जात नाही. त्यामुळे एका मजल्यावरचे कंट्रोलर दिसतात आणि दुसऱ्यावरचे दिसत नाहीत, असा अनुभव नव्या इमारतींत वारंवार येतो.

खालच्या पातळीवर, कंट्रोलर एकमेकांना जोडायला, आरएस-४८५ ही दोन तारांची बस (सामाईक तारमार्ग) चालते. तिची लांबी सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येते. कंट्रोलर एकामागोमाग एक ओवायचे, मध्ये फाटे फोडायचे नाहीत, दोन्ही टोकांना साधारण १२० ओहमचा रोध लावायचा आणि शील्ड (केबलचे धातूचे आवरण) एकाच टोकाला जमिनीशी जोडायची (अर्थिंग). हे नियम मोडले तरी बस बहुधा चालते, आणि घोळ तिथेच होतो : ती अधूनमधून अडखळते आणि दोष कंट्रोलरवर जातो.

चिलरना आणि ऊर्जामापकांना बहुधा मॉडबस लागते. हा नियमसंच मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला. मॉडबसमध्ये आकड्याला नाव नसते, एकक नसते. असतो फक्त रजिस्टरचा (यंत्राच्या स्मृतीतल्या घराचा) क्रमांक. २४५ आले तर ते २४.५ अंश की २४५ किलोपास्कल, हे उत्पादकाच्या तक्त्यातच पाहावे लागते. त्यातही काही तक्ते पहिले रजिस्टर ४०००१ असे लिहितात, तर तारेवर त्याचाच पत्ता शून्य असतो. एवढ्या एका घराच्या फरकाने ‘आत येणारे पाणी’ या नावाखाली बाहेर जाणारे पाणी दिसू लागते. ७ आणि १२ अंश, दोन्ही आकडे चिलरला शोभणारे असल्याने चूक महिनोन्महिने पकडली जात नाही. म्हणून पॉइंट-टु-पॉइंट तपासणीला पर्याय नाही. एकाने प्लँट रूममध्ये (यंत्रांच्या खोलीत) सेन्सर नळावरच्या त्याच्या खोबणीतून काढून मुठीत धरायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर नेमका तोच आकडा चढतो का ते पाहायचे. कामाची मुदत संपत आली की पहिली काट याच तपासणीवर पडते, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे.

व्हीआरएफ पद्धतीत (एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिटे चालवणारी, १९८२ मध्ये जपानच्या डायकिन कंपनीने बाजारात आणलेली) आतली आणि बाहेरची युनिटे उत्पादकाच्या खासगी भाषेत बोलतात. बीएमएसला त्यांच्याशी गेटवेमार्फतच (दोन संदेशभाषांमधल्या दुभाष्या साधनामार्फतच) बोलता येते. गेटवे बंद पडला तर सारी युनिटे चालू असूनही पडद्यावरून एकदम नाहीशी होतात.

अग्रक्रम : बॅकनेटमधील आज्ञा देता येणाऱ्या आउटपुटला अग्रक्रमाची सोळा घरे असतात. भरलेल्या घरांपैकी सर्वांत लहान क्रमांकाच्या घरातली आज्ञा चालते. पहिली दोन घरे जीवितरक्षणासाठी, पाचवे यंत्राच्या संरक्षणासाठी आणि आठवे ऑपरेटरच्या हातच्या आज्ञेसाठी राखलेले आहे. वेळापत्रक सहसा त्याहून मोठ्या क्रमांकाच्या घरात लिहिले जाते.

याचा परिणाम एका नेहमीच्या प्रसंगातून कळतो. शनिवारी बैठक आहे म्हणून ऑपरेटर एएचयू हाताने चालू करतो आणि संध्याकाळी जाताना ‘बंद’ करतो. सोमवारी सकाळी वेळापत्रक सोळाव्या घरात ‘चालू’ लिहिते, पण आठव्या घरात शनिवारचे ‘बंद’ बसलेले असते. पंखा हलत नाही. मजला तापतो, तक्रारी येतात, तंत्रज्ञ पंख्याचा बेल्ट पाहतात, स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारे साधन) उघडतात. बिघाड मात्र कुठेच नसतो. शनिवारी ‘बंद’ लिहिण्याऐवजी आठवे घर रिकामे करायला, म्हणजे त्यात ‘नल’ लिहायला हवे होते. ऑपरेटरच्या प्रशिक्षणात एकच गोष्ट शिकवण्याइतका वेळ असेल, तर ती ही असावी.

पॅनेलवरचा ऑटो-मॅन्युअल स्विच या साऱ्याच्या बाहेर असतो. तो मॅन्युअलवर असताना जाळ्याच्या आज्ञा पोचतात पण लागू होत नाहीत. म्हणून त्याची स्थितीही पॉइंट (जाळ्यावर दिसणारी स्वतंत्र नोंद) म्हणून घ्यावी. आगीच्या वेळी एएचयू थांबवणारी जोडणी मात्र जाळ्यावर विसंबून ठेवू नये. ती स्वतंत्र तारेने स्टार्टरपर्यंत नेलेलीच हवी.

भारतातील स्थिती : ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. नियंत्रणाची तर्कपद्धती मात्र अजूनही पुष्कळदा थंड देशांतून जशीच्या तशी उचलली जाते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तर डॅम्पर उघडून ती आत घ्यावी, हा नियम पुण्यातल्या हिवाळी सकाळी उपयोगी पडतो. जुलैतल्या मुंबईत हवेचा दवबिंदूच २४-२५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा नुसते तापमान पाहून डॅम्पर उघडला, तर पावसाळाच डक्टमध्ये शिरतो आणि चिलरला ते पाणी काढत बसावे लागते. किनारपट्टीवर तुलना एन्थाल्पीची (बाष्पासह हवेतल्या एकूण उष्णतेची) किंवा दवबिंदूची करायला हवी आणि त्यासाठी आर्द्रतेचे सेन्सर नियमित पडताळायला हवेत.

सुरक्षितता : मूळ बॅकनेटमध्ये आज्ञा देणारा कोण, याची खातरजमा व्यवहारात होत नसे. २०१९ मध्ये आलेल्या ‘बॅकनेट सिक्युअर कनेक्ट’मध्ये प्रमाणपत्रे आणि सांकेतिकीकरण आले. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीवर २०१३ मध्ये झालेला हल्ला एसीच्या नियंत्रण यंत्रणेतून झाला, असे सर्रास लिहिले जाते. ते अचूक वाटत नाही. चोरीला गेली ती प्रशीतन-वातानुकूलनाच्या कंत्राटदाराची प्रवेशओळख, आणि आपली जोडणी बिले, निविदा व प्रकल्पाच्या कामापुरती होती असे त्या कंत्राटदाराने जाहीर केले होते.