एक टॅब, सहा बिऱ्हाडं

‘टॅब फार झाले म्हणून ब्राउझर जड झाला’ हे निदान अर्धवट आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यांत खादाड पान वर येतं. ४० टॅबांतले खरे गुन्हेगार बहुधा तीन-चारच निघतात: मेल, नकाशा, जाहिरातींनी लडबडलेलं बातम्यांचं पान. स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर २०१८ साली क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतःची मेमरी घेऊन स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, द्यायला सुरुवात केली. पानातली जाहिरातीची चौकट परक्या साइटची असेल, तर तिचीही चूल वेगळी. टॅब एक, बिऱ्हाडं सहा.

रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, भरली की काय होतं? बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली डोळ्यांपुढे आणा. सकाळी गाद्या गुंडाळून कोपऱ्यात जातात. विंडोजही न लागणाऱ्या मेमरीचे ४ केबीचे तुकडे आवळून रॅममध्येच ठेवतं. तेवढ्याने भागलं नाही तर सामान पोटमाळ्यावर, म्हणजे डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये. रॅममधून डेटा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडी या नव्या, वेगवान डिस्कवरून १०० मायक्रोसेकंद: हजारपट. जुन्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट! शिवाय खोली भरलेली असताना एक ट्रंक खाली उतरवायची तर दुसरी वर चढवावी लागते. ही चढउतारच कामापेक्षा जास्त झाली की पीसी ‘हँग’ होतो.

फुकटची ‘रॅम क्लीनर’ ॲप्स काय करतात? चालू प्रोग्रॅमचं सामान जबरदस्तीने बाहेर ढकलतात. ‘२ जीबी मोकळी’ असा हिरवा आकडा झळकतो आणि पुढच्याच क्लिकला तेच सामान परत आणावं लागतं.

क्रोमचा मेमरी सेव्हर मात्र पडून राहिलेल्या टॅबची मेमरी खरोखर सोडतो. उरतं फक्त नाव, चिन्ह आणि पत्ता. क्लिक केलं की पान नेटवरून पुन्हा येतं. फोनवर हे न विचारताच होतं, म्हणून वाचायला उघडून ठेवलेला लेख भुयारी मेट्रोत रेंज गेल्यावर कोरा निघू शकतो. असा लेख आधीच डाउनलोड करावा. डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली नेहमी जाग्या ठेवायच्या साइट्सची यादी आहे. ऑफिसचं पोर्टल तिथे घाला.

बाकीच्या टॅबांसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि डी. सगळे एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला आजची तारीख द्या आणि विंडो बंद करा.