कोल्हापूरची धावपट्टी: १३७० मीटरपासून पुढे

उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांनी विमानतळ उभारला तो १९३९ साली. संस्थानी गावाला स्वतःचा विमानतळ ही त्या काळी मोठीच हौस. पण तेव्हा माळ मोकळा होता, आजूबाजूला ना वसाहती होत्या ना कारखाने, आणि जागा हवी तेवढी मिळण्यासारखी होती. पुढच्या ऐंशी वर्षांत या विमानतळाबद्दल जे काही ठरलं ते बहुतेक वेळा 'सध्या भागतंय ना' या हिशेबाने ठरलं. आज विस्तारासाठी एकेका एकराची घासाघीस चालते, तिचं मूळ इथे आहे.

कित्येक वर्षं धावपट्टी होती १३७० मीटरची. पंख्यांवर उडणाऱ्या छोट्या एटीआर विमानाला ती चालायची, तीही ओढूनताणून. धावपट्टी किती लांब हवी हे नुसतं विमानावर ठरत नाही, ते गावावरही ठरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उंचीवर हवा विरळ, म्हणून दर ३०० मीटरला धावपट्टी सात टक्क्यांनी वाढवून धरावी असा आंतरराष्ट्रीय ठोकताळा आहे. शिवाय त्या उंचीच्या प्रमाणित तापमानापेक्षा हवा जितके अंश गरम, तितके टक्के आणखी. आता मांडा हिशेब. समुद्रकाठी ज्या विमानाला २००० मीटर पुरतात, त्याला इथे नुसत्या उंचीपायी २२८० लागतात. या उंचीवरचं प्रमाणित तापमान ११ अंश आणि एप्रिलची दुपार ३७ अंशांची. म्हणजे वर २६ टक्के, आकडा २८५० च्या पुढे. (दोन्ही वाढी मिळून ३५ टक्क्यांवर गेल्या की ठोकताळ्यावर न विसंबता स्वतंत्र अभ्यास करावा, असंही तोच नियम सांगतो.) प्रत्यक्षात कंपन्या माणसं, सामान किंवा इंधन कमी करून वेळ मारून नेतात. मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या बॅगा मागेच राहिल्या होत्या, 'उद्याच्या विमानाने येतील' असं सांगून. तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीवर चिडलो होतो. हा हिशेब नंतर कळला.

२०११ मध्ये नियमित सेवा थांबली आणि विमानतळ जवळजवळ विसरला गेला. छोटी शहरं विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेमुळे २०१८ साली विमानं परतली. आधी मुंबई, मग वर्षअखेरीस हैदराबाद आणि बंगळूर, पुढच्या वर्षी तिरुपती. तिरुपतीचं नवल वाटायला नको. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या दाक्षिणात्य भाविकांची रीघ कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. ती विमानात बसू शकते, हे मात्र नियोजनाच्या कागदावर उशिरा उमटलं.

त्याच काळात शेजारच्या बेळगावने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला. त्याची धावपट्टी २३०० मीटरपर्यंत नेली आणि २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारतही उघडली. तिथे एअरबस उतरू लागली आणि दिल्लीचं थेट विमान मिळालं. कोल्हापूरचा उद्योजक गाडी काढून शंभर-सव्वाशे किलोमीटर सांबऱ्याला जाऊ लागला. अशा प्रवाशाची नोंद कोल्हापूरच्या आकड्यांत होत नाही. मग आकडे बघून कोणी म्हणतं, इथे मागणीच कुठे आहे?

इथली धावपट्टी टप्प्याने १९३० मीटरची झाली, रात्रीच्या उतरणीची सोय झाली, आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. दगडी कमानींची इमारत देखणी आहे, त्यात वाद नाही. पण टर्मिनल वर्षाच्या प्रवासीसंख्येवर बेतत नाहीत, गर्दीच्या एका तासावर बेततात. दोन एटीआर एकाच वेळी आली तर येणारे-जाणारे मिळून तीनशेच्या आसपास. एकच १८० आसनी एअरबस आली तर ३६०. म्हणजे धावपट्टी लांबली की टर्मिनलचं, विमानं उभी करायच्या जागेचं, सामानाच्या पट्ट्याचं, अग्निशमन दलाच्या दर्जाचं, सगळंच गणित एका झटक्यात बदलतं. इमारतीवर मजला चढवता येतो, पुढे तावदान सरकवता येतं. धावपट्टीच्या टोकाला लागून घर उभं राहिलं की ते सरकवता येत नाही.

आणि नुसतं घरच नाही. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळाशेजारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी उभी राहिली. त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, आंदोलनं झाली, शेवटी १५ जून २०२३ रोजी ती पाडावी लागली. विमान सुरू झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. विमानतळाभोवती किती उंच बांधता येईल याचे रंगीत नकाशे भारतीय विमानतळ प्राधिकरण काढतं. परवानगी देणाऱ्या टेबलावर ते उघडले जातात का, हा प्रश्न वेगळा.

कोल्हापूरचं पुढचं उद्दिष्ट २३०० मीटर. वरचा हिशेब पाहता तेही ऐसपैस म्हणता येणार नाही. त्यासाठी गडमुडशिंगीतली ६४ एकर जमीन लागते आणि नेर्ली-तामगाव रस्ता वळवावा लागतो. विमानतळ झाला तेव्हा या रस्त्याने बैलगाड्या जात असतील. आज ऊस, दूध, शाळेची मुलं आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार याच वाटेवर आहेत. पर्यायी रस्ता आधी द्या, मग हा बंद करा, एवढीच गावकऱ्यांची मागणी आहे.